समान कायदा आमच्याकडे आहे म्हणून मिरवतो, आणि बहिणींच्या सह्या गोळा करतो

तेरेखोलकाठी

मंडळी, बरीच वर्षं नुसतं वाचत होतो, आज धागा काढतोय. थोडी लाज वाटतेय, पण असो.

परवा कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समान नागरी कायद्यावरून जुंपली. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे. मी कॉलर ताठ करून लिहिलं, "तुम्ही भांडत बसा, आम्ही गोव्यात १८७० पासून एकाच कायद्याखाली नांदतोय." मग दोन स्क्रीनभर मजकूर: १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, १ जुलै १८७० पासून इथे लागू. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याने तो तसाच पुढे चालू राहिला. १९३७ चा शरियत कायदा इथे आलाच नाही आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदाही नाही. मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी. लग्न झालं की नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा गोव्याची पाठ थोपटली. वगैरे वगैरे.

बायको पाठीमागे उभी राहून वाचत होती. ती वेंगुर्ल्याची. म्हणाली, "छान लिहिलंस. मग बुधवारी ताईंना आणि माईंना नोटरीकडे कशाला बोलावलंयस?"

तर झालंय असं की, वडील गेल्या वर्षी वारले. पेडणे तालुक्यात घर, मागे काजूचं भाट म्हणजे बागायत, खाली थोडी शेतजमीन. वडिलांची सगळी नोकरी मुंबईत रेल्वेत झाली, त्यामुळे डोंबिवलीला एक लहानसा फ्लॅटही आहे. आई आहे. आम्ही तिघं: ताई, माई आणि मी शेंडेफळ. दोघी बहिणी सिंधुदुर्गात दिल्या. बुधवारी त्या येणार, हक्क सोडल्याच्या डीडवर सह्या करणार, आमच्याकडे मासळीचं जेवण जेवणार आणि साडी घेऊन जाणार. आमच्या वाड्यावर अशीच रीत आहे. आत्यांनीही असंच केलं होतं. मसुदा तयार आहे, स्टॅम्पपेपर आणून ठेवलाय.

माझा प्रश्न साधा आहे. कायद्याने बहिणींना सारखा वाटा दिला. त्यांनी तो राजीखुशीने सोडला तर त्यात कायद्याची समानता कुठे बिघडते? वकील नाही मी, हायस्कुलात गणित शिकवतो. प्रामाणिक उत्तरं द्या, शिव्या घातल्या तरी चालेल.

काजूबोंडू

वहिनींना साष्टांग दंडवत. मी हुर्राक (काजूची दारू) घेऊन बाजूला बसतो.

सह्याद्रीपल्याड

उत्तम धागा. गोव्याला जे १५० वर्षांपूर्वी जमलं ते बाकी देशाला अजून का जमत नाही? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायचं नाही. एका विशिष्ट समाजाचे लाड. एक देश, एक कायदा, विषय संपला.

बहिणींच्या सह्यांचा मामला घरगुती आहे, तो इथे आणायची काय गरज होती कळलं नाही.

कोर्टातला_कोट

म्हापशाला वकिली करतो, दिवाणी बाजूची. आधी धागाकर्त्याच्या कॉलरला थोडं पाणी लावतो.

एक. "एकच कायदा सगळ्यांना" हे नव्वद टक्के खरं, उरलेल्या दहात गंमत आहे. हिंदूंसाठी १८८० साली चालीरीतींची वेगळी संहिता निघाली. तिच्यात हिंदू पुरुषाला ठरावीक परिस्थितीत दुसरं लग्न करायची मुभा आहे: पहिलीला पंचवीस वर्षांपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, असल्या अटी. माझ्या उभ्या वकिलीत कोणी हे कलम वापरलेलं पाहिलं नाही, पण ते कागदावर लिहिलेलं आहे. आणि ते मुसलमानाला नाही, ख्रिस्त्याला नाही, फक्त हिंदू पुरुषाला. तिकडे कॅथलिकांसाठी १९४६ च्या डिक्रीने चर्चच्या ट्रिब्युनलची वाट ठेवली: चर्चमध्ये लागलेलं लग्न चर्चने रद्दबातल ठरवायचं आणि हायकोर्टाने त्यावर शिक्का मारायचा. ही सोय इतरांना नाही.

दोन. निम्मी मालकी खरी, पण मूळ कोडाप्रमाणे सामाईक संपत्तीचा कारभार नवऱ्याच्या हातात. बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही, हा मात्र मोठा चाप आहे. महाराष्ट्रातल्या किती बायकांना नवरा जिवंत असताना असा हक्क आहे, सांगा.

तीन. आता तुझ्या घरचं. वडिलांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि त्या पिढीत कोण करतंय, तर सगळी संपत्ती आई-वडिलांची सामाईक. वडील गेले म्हणजे त्यांचा अर्धा हिस्सा तेवढा वारसांसाठी उघडला. आईचा अर्धा वारशाने येत नाही, तो तिचा होताच. गणिताचा मास्तर आहेस, पुढचं तूच कर. डोंबिवलीचा फ्लॅटही ह्याच हिशोबात. २०१९ च्या ज्या निकालाचं तू कौतुक सांगितलंस, त्यात न्यायमूर्ती दीपक गुप्तांनी नेमकं हेच म्हटलंय, की गोंयकाराची संपत्ती भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्याने. ती केससुद्धा मुंबईतल्या मालमत्तेचीच होती.

चार. मसुदा एकदा नीट वाच. जिवंत माणसाचा वारसा आधीच सोडून देता येत नाही, तो कोड असो की २०१२ चा गोवा वारसा कायदा. पुष्कळ मसुद्यांत बहिणींकडून "आईवडिलांच्या संपत्तीतील सर्व हक्क" असं लिहून घेतात. तुझ्यातही असेल, पैज लावतो.

तेरेखोलकाठी

गणित केलं. आई १/२. आम्ही तिघं प्रत्येकी १/६. म्हणजे जे घर मी माझं समजून रंगवून घेतलं, त्यात माझा सहावा हिस्सा आहे. बायको म्हणते, त्यातही निम्मा तिचा, तेव्हा तुझा १/१२.

आणि हो, मसुद्यात "आईवडिलांच्या" असंच आहे.

सत्तरीची_पोर

सह्याद्रीपल्याड, "विशिष्ट समाज" बोलतोय. मी वाळपईची, मुसलमान, मराठी शाळेत शिकलेली. आमच्या घरी नानांचं दुकान वाटलं तेव्हा माझ्या आईला मामांइतकाच वाटा मिळाला. शरियतप्रमाणे मुलीला भावाच्या निम्मं मिळतं, ते इथे कोणी मागितलं नाही. निकाह मौलवींनी लावला, सह्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे केल्या, बिर्याणी हॉलवर खाल्ली. धर्म बुडाल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. त्यामुळे समान कायदा मला पाहिजे का असं विचाराल तर हो, पाहिजे. तो माझ्या अंगवळणी पडलाय.

पण तुमच्या वाक्यात समानता कुठे दिसली नाही, हातात काठी तेवढी दिसली. वकीलसाहेबांनी वर सांगितलेलं १८८० चं कलम पुन्हा वाचा. समान कायदा म्हणताना माझ्या चुलत्याचं दुसरं लग्न आठवतं, आणि हिंदूंसाठी कागदावर ठेवलेलं दुसरं लग्न मात्र "वापरात नाही हो" म्हणून सुटतं. वापरात नाही तर काढून टाका. कोणी आंदोलन करेल असं वाटत नाही.

सह्याद्रीपल्याड

ताई, कलमाची माहिती नव्हती. काढून टाकायला हवं, मान्य. बाकी मत कायम.

कोर्टातला_कोट

ह्यात थोडी भर. समान नागरी कायद्याबद्दलचं घटनेचं आजचं ४४ वं कलम संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये चर्चेला आलं तेव्हा आंबेडकरांनी एक वाट सुचवून ठेवली होती: पुढच्या संसदेने सुरुवातीला अशी तरतूद करावी की जे लोक आपणहून "आम्हाला हा कायदा मान्य" असं जाहीर करतील त्यांनाच तो लागू व्हावा. बाबासाहेब बोटचेपे नव्हते, हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. तरी ही वाट त्यांनी सुचवली.

उत्तराखंडाने २७ जानेवारी २०२५ पासून आपला कायदा लागू केला, त्यात अनुसूचित जमाती वगळल्या. आमच्याकडे गावडा, कुणबी, वेळीप हे २००३ मध्ये अनुसूचित जमाती ठरले आणि ते कोडाखालीच आहेत. कुठलं बरोबर ह्यावर माझं मत पक्कं नाही.

एकचौदा

निवृत्त तलाठी. फॉर्म एक-चौदाचे, म्हणजे गोव्यातल्या सातबाराचे, उतारे काढण्यात जन्म गेला.

तुम्ही सगळे लग्न आणि वारशावर अडकलात. गोव्यात समानता बघायची तर गांवकरीत जाऊन बघा. कोमुनिदाद म्हणतात ती. गावच्या जमिनीचा मालक गांवकार. गांवकारपण बापाकडून मुलाकडे. मुलगी गांवकाराची, पण ती गांवकार नव्हे. जोण, म्हणजे वर्षाचा नफ्यातला वाटा, पुरुषाच्या नावाने. त्या रकमेत आता चहा-भजी येतात, ते सोडा. पण यादीत नाव कोणाचं?

देवळांचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरेने आलेले सभासद, बघा. देवस्थानांचं नियमन आजही पोर्तुगीज काळातल्या कायद्याने चालतं, आणि महाजनांच्या यादीत मी आहे, माझा दुबईतला मुलगा आहे. तो तीन वर्षांत एकदा जत्रेला येतो. माझी मुलगी गावातच दिली आहे, रोज देवळात फुलं नेते. ती यादीत नाही.

हे सांगितलं की लोक म्हणतात, ते धर्माचं, परंपरेचं. बरं. मग मुसलमान बाईच्या वाट्याचं तेवढं कायद्याचं कसं?

काजूबोंडू

तलाठीकाका, मुजरा. हुर्राक संपला, आता फेणी आणतो.

दुसरी_सही

मी फारसं लिहीत नाही, पण सह्यांचा विषय निघाला म्हणून.

गोव्याबाहेरच्यांसाठी: इथे लग्न दोन सह्यांचं असतं. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार असल्याचं सांगणं. मग नोटीस लागते, हरकतीसाठी दिवस जातात, आणि मग दुसरी सही. दुसरी झाली की तुम्ही नवरा-बायको. भटजी, सप्तपदी, अंतरपाट हे सगळं आपल्या हौसेचं, कायदा त्याच्याकडे बघत नाही.

माझ्या मावसबहिणीने पहिली सही केली, पंधरा-वीस दिवसांनी हॉलवर दणक्यात लग्न झालं. दुसऱ्या सहीची तारीख "आज सुट्टी नाही, उद्या बघू" करत करत राहिली. ती सासरी दोन वर्षं राहिली. मग त्याने दुसरीकडे सूत जुळवलं आणि हिला सांगितलं, आपलं लग्नच कुठे झालंय? वकिलाकडे गेली तेव्हा कळलं की तो खरं बोलतोय. निम्मी मालकी, संमतीशिवाय घर विकता येत नाही, हे सगळं बायकोला असतं. ती बायको नव्हतीच.

उलटंही बघितलंय. शेजारच्या घरात साखरपुड्याच्या उत्साहात दोन्ही सह्या उरकून घेतल्या, लग्न पुढच्या वैशाखात ठरवलं. मधे मोडलं. मुलीला वाटलं साखरपुडा मोडला. कोर्टाने सांगितलं, तू विवाहित आहेस. एक दिवस संसार न करता घटस्फोटाच्या तारखा.

कायदा सगळ्यांना सारखाच होता हो. हिंदूला, ख्रिश्चनाला, मुसलमानाला. पण तो मूळ पोर्तुगीजमध्ये. अधिकृत इंग्रजी अनुवाद राजपत्रात आला तो अगदी अलीकडे. माझी मावशी चौथी शिकलेली, मराठी वाचते. तिला कोण सांगणार?

तेरेखोलकाठी

वाचून गप्प झालो. माझं आठवीच्या पोरांना शिकवणं आठवलं. फळ्यावर सूत्र लिहिलं की सगळ्यांना सारखं शिकवलं असं मी समजतो.

वेर्णा_शिफ्ट

मी सोलापूरचा, सहा वर्षं वेर्ण्याला कंपनीत आहे. भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालक भला माणूस, पण गावात काही झालं की पहिला संशय आमच्या चाळीवर. "घाटी" शब्द ऐकून कान किटले. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यावी लागते त्याला माझी हरकत नाही. माझ्या शेजारच्या बंगल्यात दिल्लीचे लोक भाड्याने राहतात, त्यांना कोणी विचारताना बघितलं नाही एवढंच.

रात्रपाळीत घटना वाचली मोबाईलवर. कायद्यापुढच्या समानतेच्या १४ व्या कलमात "कोणत्याही व्यक्तीस" असं आहे, नागरिक नाही. १५, १६ आणि १९ मध्ये नागरिक आहे. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे बीचवरच्या रशियनालाही १४ वं कलम आहे. मग मला आहेच.

एकचौदा

सोलापूरकर, बरोबर वाचलंत. मुंडकाराचं ऐका. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्पिढ्या झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. १९७५ चा कायदा म्हणतो त्याला हुसकावता येत नाही, आणि घराभोवतीची गावात ३०० चौरस मीटर, शहरात २०० चौरस मीटर जमीन तो विकत घेऊ शकतो. किती सुंदर कायदा. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक अर्जांत अर्जदाराचा मुलगा पाठपुरावा करत होता, काहींत नातू. भाटकाराच्या बाजूने मात्र तारखेला नेहमी कोट घातलेला माणूस असे.

(कोर्टातला_कोट, तुम्हाला उद्देशून नाही.)

कोर्टातला_कोट

लागलं थोडं, पण खरं आहे. मीही उभा राहिलोय त्या बाजूने.

माहेरची_वाट

मूळ प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. मी देते. मी ती बहीण आहे. तुमची नव्हे, दुसऱ्या कोणाची.

बारा वर्षांपूर्वी सही केली. राजीखुशीने? कागदावर तसंच आहे. नोटरीने विचारलं, कोणाचा दबाव? मी म्हटलं, नाही. समोर दादा बसला होता, वहिनी बाहेर गाडीत होती. मी आदल्या रात्री हिशोब केला होता: वाटा मागितला तर जमीन मिळेल आणि चवथीला माहेरी जायचं तोंड राहणार नाही. वटपौर्णिमेला आईकडे कोण नेणार, बाळंतपणाला मुलीला कोण पाठवणार. भावाने एक शब्दही जोरात उच्चारला नव्हता. त्याला गरजच पडली नाही.

दोन वर्षांनी दादाने तो तुकडा दिल्लीच्या माणसाला विकला. किती आले ते मला पेपरातल्या जमिनींच्या भावावरून कळलं. मला साडी मिळाली होती. चांगली होती, पैठणी.

महाराष्ट्रातल्या माझ्या जावेला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ती मला म्हणते, तुमच्याकडे तर आधीपासून होता ना? होता. तिनेही हक्कसोडपत्रावर सही केली. तुमचा कायदा १८७० चा, आमचा २००५ चा, सही एकाच पेनाची.

तेव्हा तेरेखोलकाठी, समानता बिघडते का असं विचारलंत. सही झाल्यावर कोणालाच काही दिसत नाही. बुधवारी मसुदा पुढे सरकवायच्या आधी, तुझ्या नावावर एक षष्ठांश आहे, हे तोंडाने सांगून बघा. आणि त्यानंतर तुम्ही स्वतः खोलीबाहेर जा.

सह्याद्रीपल्याड

वर "घरगुती मामला" म्हटलं होतं ते मागे घेतो. मला दोन बहिणी आहेत. आणखी काही लिहीत नाही.

सत्तरीची_पोर

माहेरची_वाट, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, मी वाटा घेतला आणि माझे भाऊ ईदला अजून येतात. पण पहिली तीन वर्षं आले नव्हते. ती तीन वर्षं मला माहीतच नव्हती.

तेरेखोलकाठी

उशीर झाला, माफ करा. बुधवार होऊन गेला.

नोटरीकडे गेलोच नाही. दोघींना घरीच बसवलं, आईला मधे. पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढला, निम्मा रंगवला, उरलेल्याचे तीन भाग केले. आयुष्यभर अपूर्णांक शिकवले, पण हात कधी असा घामेजला नव्हता. मग माहेरची_वाट म्हणाल्या तसा बाहेर गेलो, भाटात फिरून आलो. अर्ध्या तासाने परतलो तर तिघी हसत होत्या, म्हणजे माझ्यावर.

आई पहिली बोलली. "निम्मं माझं आहे हे तुझ्या बापाने मला चाळीस वर्षांत सांगितलं नाही. आणि तुझ्या कागदात मी मेलेलीच दाखवलीय." मसुद्यातली ती ओळ तिने वाचून घेतली होती.

माई म्हणाली, तिला काही नको, पण "नको" हे तिचं ती लिहील, माझ्या मसुद्यावर नाही. भावोजींशी बोलून सांगते म्हणाली. ताईचं वेगळंच. डोंबिवलीच्या फ्लॅटमधला हिस्सा तिला हवाय, धाकट्या लेकीला तिकडे नोकरी लागलीय. मनातून मला ते टोचलं, खोटं कशाला बोलू. त्या फ्लॅटच्या भाड्यावर माझा गाडीचा हप्ता जातो.

घराचा विषय दोघींनी काढला नाही. पण निघताना ताई मागल्या दारी उभी राहून म्हणाली, "तो विहिरीकडचा मानकुराद आंबा कोणाच्या वाट्याला येतो रे?" तो तिने लावलेला. मी तिसरीत होतो, पाणी मी घालायचो.

काय बोलणार. म्हटलं, चवथीला चार दिवस आधी ये, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान काढायला जाऊ तेव्हा बोलू. स्टॅम्पपेपर कपाटात आहे. साड्या दिल्या, त्या घेतल्या दोघींनी.

वकीलसाहेब, भांडण नाही, इन्व्हेंटरीला, म्हणजे कोर्टामार्फत वाटणीला, जायचं नाही. पण आई आणि आम्ही तिघं मिळून भाट आणि फ्लॅट आपसांत वाटून घ्यायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करायची?

कोर्टातला_कोट

आधी आईच्या आणि तिघांच्या नावाने सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, करून घे. मग वाटणीचं बघू. वडिलांचा मृत्यूदाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, भाटाचा एक-चौदा, फ्लॅटचे सोसायटीचे कागद घेऊन ये. भावोजींच्या सह्या लागतात का ते त्यांची लग्नं कुठे आणि कशी नोंदली त्यावर आहे, तेही दाखले आण.

आणि येताना आईला घेऊन ये. तिच्याशी बोलायचंय, तुझ्याशी नाही.

काजूबोंडू

मानकुराद पिकला की कळवा.